पूजेआधी पुसलेली फरशी

"तू इथंच बस गो, ओटीवर. आत सोवळं हाय." वहिनीने माझं पान बाहेर मांडलं. चपलांच्या शेजारी.

आतली फरशी आदल्या दिवशी मीच घासली होती. मी मुरबाडच्या सरकारी दवाखान्यात आया. वहिनीचा नवरा तिथलाच क्लार्क. क्वार्टरमध्ये आमची भिंतीला भिंत, नळ एकच. माझ्या हातची सुकटीची चटणी ती मागून खायची. म्हणून तिच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला हक्काने राबले. सिमेंटचे डाग खरवडले, देवघरसुद्धा पुसलं. पूजेआधी मी सगळ्या घरात फिरले. पूजा झाली आणि माझ्या पायाने घर बाटायला लागलं.

खोटं कशाला बोलू, मी जळत होते. क्वार्टरचं छत पडायला आलं, खाली करा म्हणून सगळ्यांनाच सांगितलं होतं. वहिनी हसत किल्ली देऊन आली. तिला जायला घर होतं. मी गावभर खोली शोधत होते. घरमालक आधी आडनाव विचारायचे, मग गाव, मग गावात घर कुठल्या अंगाला. वेशीबाहेर म्हटलं की खोली कालच दिलेली असायची.

वहिनीच्या घराला वर एक खोली रिकामी होती. ओटीवर बसून मी ती मागितली. सगळे देतात तेवढं भाडं देईन म्हटलं.

"क्वार्टरचं येगळं गो. ते सरकारचं घर. हे आमचं हाय."

म्हणजे इतकी वर्षं ती माझ्याशी शेजारधर्म पाळत नव्हती. भिंत सरकारची होती, एवढंच.

अन्न टाकू नये, हे आईने शिकवलेलं. मी भरल्या पानावरून उठले.

"पान तरी उचल," वहिनी म्हणाली.

"फरशी मी पुसली. पान तुमी उचला."

परवा दवाखान्याच्या साहेबांनी विचारलं, तुम्ही लोक क्वार्टर का सोडत नाही, स्वस्ताची सवय लागली का? मी सांगितलं, या गावात आडनाव न विचारता उघडलेलं हे एकच दार आहे.

सोडीन. वेशीबाहेर जायला नाही. वहिनीच्या दारासमोर मोकळी जागा आहे, ती मी बघून ठेवलीय. अजून जळतेच आहे, आणि ही आग मी विझू देणार नाही. तिथेच घर बांधीन, ओटीवर सुकट वाळत घालीन. तोवर छत पडलं तरी चालेल, क्वार्टरची किल्ली माझ्या कमरेला राहील.