नाव न घ्यायचं झाड

थोरल्या नणंदेनं, म्हणजे आमच्या वन्संनी, मधुमेहाची गोळी बंद केल्याचं कळलं आणि मी पुण्याहून सकाळची एसटी पकडली. त्यांच्या अंगठ्याची जखम महिनाभर भरत नव्हती आणि त्या झाडपाला देणाऱ्या कुणा शेवंताबाईंचा काढा पीत होत्या. असली भांडणं फोनवर जिंकता येत नाहीत.

नगर जिल्ह्यातलं कर्जत मागे पडल्यावर दोन्ही बाजूंना माळ सुरू झाला. मिरजगावला उतरून गरम भजी खाल्ली, मिरचीनं डोळ्यांत पाणी आलं. वस्तीवर पोचले तर वन्सं ओट्यावर कांदे निवडत होत्या.

"आलात व्हय वैनी भांडायला?"

"आधी चहा द्या."

काढा कशाचा, ते त्या सांगेनात. नाव सांगितलं की औषधाचा गुण जातो म्हणे.

संध्याकाळी शेवंताबाई झाडाला आवतण (निमंत्रण) द्यायला निघाल्या, तेव्हा मीही गेले. झुडपापाशी त्यांनी हळदकुंकू वाहून तांदूळ ठेवले. पिवळी फुलं बघताच मी ओळखलं, तरवड! सगळा माळ त्यानं भरलेला आणि शेळीसुद्धा त्याला तोंड लावत नाही. पण नाव तोंडातून काढलं नाही.

पहाटे मुक्यानं तोडायचं होतं. शेवंताबाईंनी मूठभर पाला खुडला आणि तेवढ्यात बाभळीचा काटा माझ्या चपलेतून आरपार गेला.

"आई गं!"

शेवंताबाईंनी पाला खाली टाकला. "बोल्लात! गेला गुन."

गुण गेलेला पाला मी पदरात बांधला.

मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करते. वन्सं आणि शेवंताबाईंच्या समोरच ओट्यावर पाला उकळला, गार केला आणि त्यात चुन्याची निवळी (वरचं स्वच्छ पाणी) घातली. पाणी पिवळंजर्द झालं. लिंबू पिळलं तसा रंग उतरला.

"हा फ्लेव्होनॉइडचा रंग," मी म्हटलं. "उन्हापासून नि किडीपासून वाचायला झाडं ही द्रव्यं करतात. प्रयोगशाळेत सूज आणि साखर यांवर त्यांचा परिणाम दिसतो. पण नळीत दिसलं ते पोटात गेल्यावर तसंच होईल, याची खात्री नाही."

"रंग ऱ्हायला, गुन गेला," शेवंताबाई ठाम होत्या.

मग मी वन्संच्या पाटीतली कांद्याची सालं उकळून त्यातही निवळी ओतली. तोच पिवळा, उलट जरा जास्तच.

वन्सं वाकून बघत राहिल्या. "म्हंजी मी रोज औषध उकिरड्यावर टाकती?"

"टाका खुशाल. ही द्रव्यं चहातसुद्धा असतात. चहा पिऊन अंगठा बरा झाला का?"

शेवंताबाई उसळल्या. "वो ताई, गोळी बंद कर म्हून म्या कवा म्हनलं? म्या सोता दोन टाइम घेती!"

वन्संनी मान खाली घातली. "गोळी म्हंजी जलमाची. बाया इचारत्यात, इतकी आजारी हायस व्हय? काढा पेला तर कोन इचारत न्हाई."

ही खरी गाठ होती. चुना-लिंबानं ती सुटणारी नव्हती. मी त्यांना सरळ कर्जतला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, जखम साफ केली, वन्संना चांगलं झापलं आणि गोळी पुन्हा चालू केली. परतीच्या रस्त्यात वन्सं खिडकीकडे तोंड करून बसल्या. मला वाटलं, रागावल्या.

पुण्याला येऊन मी चपलेत मोडून राहिलेलं काट्याचं टोक चिमट्यानं काढलं. पंधरा दिवसांनी वन्संचा फोन आला. अंगठा भरत आला होता.

"गोळी घेता ना?"

"घेती की. शेजारीन इचारती, कशाचं औषध? म्या सांगितलं, नाव घेतलं की गुन जातो."

मी कपाळावर हात मारला. "आता तीसुद्धा मागेल!"

"मागितलंच. म्हनलं, आदी आवतण द्यावं लागतं."

"कसलं आवतण?"

"दवाखान्यात उपाशीपोटी रगत. मुक्यानं द्यायचं."