ताऱ्यांच्या जन्माला गुण द्यायला हैदराबादला

नव्वदीच्या दशकात हैदराबादच्या एका मराठी मंडळाला वक्तृत्व स्पर्धेसाठी परीक्षक हवा होता. महाराष्ट्रातून आलेला माणूस तिथे आपोआप विद्वान ठरतो, आणि मी तर नांदेडच्या शाळेत विज्ञान शिकवणारा. विषय होता ‘तारे कसे जन्मतात’. मी उलट टपाली होकार कळवला.

जाणार असाल तर सकाळची गाडी धरा आणि काचीगुड्याला उतरा. ऑटोवाल्याशी भांडू नका. तो इतक्या अदबीनं लुटतो की आपणच त्याचे आभार मानतो. अफझलगंजला इराणी चहा प्या. कोठीच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं मिळतात. मी खगोलशास्त्राचं एक जाडजूड घेतलं. वाचायला नव्हे, परीक्षकाच्या हातात शोभतं म्हणून.

मुक्काम दिलसुखनगरला, मावसभाऊ विश्वनाथरावांकडे. उदारीकरण तिथे जिन्याजिन्यावर पोचलं होतं. खाली मिरची भजी, वर कॉम्प्युटर क्लास आणि त्याच्याही वर अमेरिका.

“क्लासमध्ये चपला बाहेर काढाव्या लागतात. आत एसी राहतो,” विश्वनाथराव भक्तिभावानं म्हणाले. आयुष्यात त्यांनी कॉम्प्युटरला हात लावला नव्हता, त्यामुळे श्रद्धा अगदी अढळ होती.

त्यांची मंजू इंग्रजी शाळेतून बारावी झालेली, मराठी फक्त बोलण्यापुरतं. तिला फिजिक्स शिकायचं होतं. जेवताना विश्वनाथरावांनी माझ्यासमोरच सौदा जाहीर केला. “उद्या स्पर्धेत हिचा पहिला नंबर आला तर फिजिक्सला घालतो. नाही तर सोमवारपासून क्लास. नंतर रडायचं नाही.”

“हौ बाबा,” मंजू म्हणाली आणि माझ्याकडे बघून हसली.

“मी काका असलो तरी सवलत मिळायची नाही हं,” मी बगारा बैंगन वाढून घेत बजावलं. स्वतःच्या निःपक्षपातीपणावर मी तेव्हा फार खूश असायचो.

दुसऱ्या दिवशी स्पर्धा. मंडळाचे अध्यक्ष नुकतेच पुण्याहून सॉफ्टवेअरच्या नोकरीवर आलेले. आधी त्यांचे चिरंजीव उभे राहिले. “हे तेजोमय गोलक गुरुत्वाकर्षणाच्या अदृश्य दोरांनी नभोमंडपी टांगलेले आहेत!” ते कडाडले. “अन्यथा ते पृथ्वीवर कोसळले असते!” सभागृहानं टाळ्या वाजवल्या. त्यात एकही वैज्ञानिक सत्य नव्हतं, पण उच्चार काय स्वच्छ!

मग मंजू आली. हातात कागद नव्हता.

“एक मोठ्ठा ढग राहतो. एकदम थंडा. नुसता हायड्रोजन अन् थोडी धूळ. कुठंतरी जरा घट्ट झाला की तिथली ओढ वाढते. मग तो आजूबाजूचं खेचतो, आणखी घट्ट होतो, आणखी खेचतो. आपल्या दिलसुखनगरला बघा, एका क्लाससमोर चार पोरं थांबली की चाळीस येतात. दबून दबून मध्ये इतकी गर्मी होते की हायड्रोजन जुळून हेलियम बनायला लागतो. मग आतली गर्मी बाहेर ढकलते, गुरुत्व आत दाबतं. दोघंही हटत नाहीत. बराबरी झाली की तारा टिकला. गुरुत्व त्याला जन्म देतं, पण नंतर छोडत नाही.”

इतकं सोपं मला वीस वर्षांत सांगता आलं नव्हतं. हेवा वाटला, खोटं कशाला बोलू? मागून कुणीतरी पुटपुटलं, “मराठी आहे की काय हे?” मी गुणपत्रिका पाहिली. विषयाच्या माहितीला दहा गुण, भाषाशुद्धीला चाळीस. पहिल्या रकान्यात तिला दहा दिले. दुसऱ्या रकान्यात ‘थंडा’, ‘बराबरी’ आणि ‘छोडत’ यांचे गुण इमानेइतबारे कापले.

चिरंजीव पहिले आले. अध्यक्षांनी मला शाल घातली आणि ती मी घेतली.

स्टेशनवर सोडायला मंजूच आली. गाडी हलायच्या बेतात असताना म्हणाली, “काका, शुद्ध नव्हतं ते समजलं. पण बरोबर होतं ना?”

“पोचल्यावर सविस्तर लिहितो,” मी म्हणालो.

घरी आल्यावर सविस्तर लिहायला बसलो ते आजतागायत बसलोच आहे. मंजू क्लासला गेली, पुढे अमेरिकेलाही. विश्वनाथराव कृतार्थ आहेत, माझे उपकार मानतात. तेव्हा मला लाज वाटते, पण मी चहा पिऊन उठतो.

आज लिहून टाकतो. बरोबर होतं, मंजू. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत सगळं बरोबर होतं.

तिला मराठी वाचता येत नाही. म्हणूनच एवढं धाडस झालं.