एका बाजूने उघडे कंदील

तुळिंजच्या बाजारात आकाशकंदील विकायचे, हे माझंच खूळ. सासूबाईंना आगाशीचा बाजार बरा वाटायचा, पण आदल्या दिवाळीत तिथून निम्मे कंदील घरी परत आले होते. गावात घरोघरी कंदील करणारं कोणी ना कोणी असतंच. तुळिंजला नुसत्या इमारती, आणि इमारत म्हटली की खिडक्याच खिडक्या, असा माझा हिशेब. सासूबाई म्हणाल्या, जाऊ, पण यंदा माल परत आला तर बांबू तासायचा कोयता माळ्यावर टाकेन, पुन्हा मला कंदील कर म्हणायचं नाही. त्या बोलतात तसंच करतात. मला धडकीच भरली.

गणपती उठले की उमेळ्यातल्या आमच्या पडवीत काम सुरू होतं. अर्ध्या वाडीवर आता इमारत उभी आहे, पण मागच्या कोपऱ्यातलं बांबूचं बेट अजून आमचं आहे. त्याच्या कामट्या तासून दोऱ्याने सांगाडा बांधायचा सासूबाईंनी, खळ शिजवून कागद लावायचा मी. झालेला कंदील पडवीच्या वाशाला टांगून बघायचा, भरदार दिसला की पास. माझं माहेर आगाशीचं, तिथेही ऐसपैस ओटी. त्यामुळे आमचं माप हे पडवीचं माप आहे, हे आम्हा दोघींच्या डोक्यातच आलं नव्हतं.

तुळिंजला पहिल्या संध्याकाळी लोक थांबत, कंदील उचलत, कौतुक करत, हातांनी रुंदी अजमावत आणि खाली ठेवून पुढे जात. शेवटी एका बाईंनी एक घेतला. आम्ही खूश. थोड्या वेळाने त्या कंदील घेऊन परत आल्या. ग्रिलच्या छोट्या दारातून तो बाहेरच जात नाही, असं म्हणाल्या, तेही बिचाऱ्या ओशाळून. मी कंदील परत घ्यायला हात पुढे केला, तोवर सासूबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. डागडुजीसाठी आणलेला खळीचा डबा आणि दोऱ्याचं रीळ त्यांनी पिशवीत टाकलं.

"चल बाय, तुझी खिडकी दाखव मला," त्या म्हणाल्या.

मी मागे एकटीच. त्यांचे गुडघे दुखरे, जिने किती कोण जाणे, आणि स्वभाव तर विचारूच नका. भांडून येणार, अशी माझी खात्रीच होती. रस्त्याकडे बघून बघून मान दुखायला लागली.

सासूबाई आल्या त्या त्याच बाईंसोबत, आणि मागे आणखी दोघी. काय झालं ते बाईंनीच सांगितलं. सासूबाईंनी एका बाजूचा कागद सोडवला, गाठी सैल केल्या, कंदील चपटा करून ग्रिलबाहेर सरकवला. मग खांद्यापर्यंत हात बाहेर घालून पुन्हा गाठी आवळल्या आणि कागद चिकटवला. म्हातारी ग्रिलमधून काय करतेय म्हणून समोरच्या बिल्डिंगमधल्या बायका बघत राहिल्या, त्यातल्याच या दोघी. मला इतकं हायसं वाटलं की हसूच आवरेना.

पण प्रत्येक घराचे जिने चढायला सासूबाईंना थोडंच लावायचं? दुसऱ्या दिवशी मी उरलेल्या सगळ्या कंदिलांची एकेक बाजू सोडवून उघडीच ठेवली, गाठीही सैल केल्या. सोबत दोरा आणि द्रोणात थोडी खळ. बाहेर सरकवा, आवळा, शेवटची बाजू तुमच्या हाताने लावा. एका गृहस्थांनी विचारलं, अर्धवट आहे तर स्वस्त देणार का. सासूबाईंनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली की ते गुपचूप घेऊन गेले. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी आमच्यापुढे नुसती चादर उरली. परतताना आमचे हात रिकामे होते, आणि तेवढ्यावर मी तृप्त होते.

सकाळी पाहते तर सासूबाई पडवीत वर बघत उभ्या. विकण्याच्या भरात आमच्या घरासाठी ठेवलेला कंदीलही गेला होता. दिवाळी उजाडली आणि वासा रिकामा. आता बोलणी बसणार म्हणून मी अंग चोरून उभी राहिले.

"कोयता कुठं गेला गो?" त्यांनी विचारलं. "आनि चायचं पानी ठेव."

बाजाराला निघण्याआधीच मी तो माझ्या साड्यांखाली लपवला होता, माळ्यावर जाऊ नये म्हणून. आतून आणून त्यांच्या हातात दिला. त्याला साडीचा धागा चिकटला होता. त्यांनी तो काढला, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि बांबूच्या बेटाकडे चालू लागल्या.