गळ्यातलं चाक

तिबेयाला फ्रिगियाहून अथेन्सला आणून विकल्याला वीस वर्षं झाली होती, आणि ती सगळी दळण्याच्या दगडापाशी गेली होती. काम चालू असेतो तिच्या गळ्यात लाकडाचं रुंद चाक असे. गुलामाने चिमूटभर पीठही तोंडात टाकू नये म्हणून ही सोय. हात तोंडापर्यंत पोहोचतच नसे. तिबेयाने कधी पिठाला हात लावला नव्हता. तिला फक्त घाम पुसायचा असे. उन्हाळ्यात तो डोळ्यांत उतरे, माश्या नाकावर बसत, आणि हात असून ती थोटी.

मालक नाउसिक्लेसला ज्ञानाचं भारी वेड. पंगतीत मंचकावर लोळून तो पाहुण्यांना सांगे, "जिवाचे तीन वाटे असतात. डोक्यात विवेक, छातीत संताप, पोटात हाव. विवेकाला हावेचा विटाळ होऊ नये म्हणून देवांनी मध्ये मान ठेवली."

भाकऱ्या वाढताना तिबेया हे ऐके आणि येऊन शेजारच्या दगडावरच्या म्हाताऱ्या कोत्तिसला सांगे.

"म्हणजे आपण घराचं पोट," कोत्तिस म्हणाली. "आणि डोकं तिकडे ढेकर देतंय."

तिबेयाला मात्र ते खरं वाटलं. बिचारीला विचार आवडत, हाच तिचा दोष. एक दिवस ती मालकासमोर उभी राहिली. "मालक, माझाही विवेक हाव आवरतो. मग हे चाक कशाला?"

नाउसिक्लेस खूश झाला. "दोन दिवस उपाशी राहा. तिसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर चाकाविना कणीक मळ. कण तोंडात गेला नाही, तर चाक कायमचं सुटलं."

तिसऱ्या दिवशी सातूच्या पिठात मध ओतला होता. दोन दिवसांची उपाशी तिबेया मळत राहिली. एकदाच तिचा हात वर गेला. पाहुणे सरसावून बसले. तिने मनगटाने कपाळ पुसलं, हळूहळू, दोनदा. वीस वर्षांत एवढं सुख तिला मिळालं नव्हतं.

पाहुण्यांनी वाहवा केली. नाउसिक्लेसने हात वर केला. "थांबा. हिला कणकेपेक्षा चाक सुटायची हाव मोठी होती. एका हावेने दुसरीला दाबलं. यात विवेक कुठे?" आणि मधाची वडी तोंडात टाकून त्याने चाक परत घालायला सांगितलं.

"मग ज्याला काहीच नको असेल, त्यालाच सुटका मिळते का, मालक?" तिबेयाने विचारलं.

"वा, काय प्रश्न आहे," तो म्हणाला, आणि पुढच्या पंगतीत तो प्रश्न त्याने आपला म्हणून सांगितला.

तिबेयाने पुन्हा काही मागितलं नाही. सणाला मिळणारं मांसही ती कोत्तिसच्या वाडग्यात टाकी. कोत्तिस म्हणे, "निदान शिव्या तरी घाल गं." तिबेया दळत राही.

असे तीन उन्हाळे गेले. मग नाउसिक्लेसच्या ते ध्यानात आलं. पाहुण्यांना घेऊन तो दळणघरात आला आणि स्वतःच्या हाताने त्याने चाक काढलं. "बघा, हिच्यातली हाव संपली. आता हिच्यावर विवेकाचं राज्य."

पाहुणे बघत राहिले. दुपारचं ऊन होतं. तिबेयाच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता आणि हात मोकळे होते. तिने तो पुसला नाही.