पद्मिनीच्या पडवीतला रेडिएटर

पद्मिनी कुकडे टेबलावर कापड कापत नाही. तिला जमीन लागते. एका गुडघ्याखाली कापडाचं टोक दाबायचं, दुसरा पाय लांब करायचा, टाचण्या ओठांत धरायच्या आणि मग कात्री चालवायची. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा गोंधळ यातूनच झाला.

अमेरिकेतल्या या श्रूजबरीत आणि आसपासच्या गावांत आपल्या बायका पुष्कळ. साड्या एकेकीकडे बॅगा भरून, पण ब्लाउज शिवणार कोण? इथली शिंपीण पँट आखूड करून देते, तेवढंच. भारतातून शिवून आणलेले ब्लाउज दोन वर्षांत दंडाला रुततात, आणि उसवायला जावं तर आत माया, म्हणजे शिवणीतलं जादा कापड, सोडलेली नसते. अशा गावात पद्मिनी आली. नागपूरला घरोघरच्या बायकांचे ब्लाउज शिवण्यात तिची उमर गेली. मुलगा विनय नोकरीसाठी इकडे आला, त्याच्यामागून ती. बॅगेत हातमशीन, जुन्या साडीत गुंडाळलेली. विमानतळावर बॅग उघडायला लावली तेव्हा तिने हँडल फिरवून दाखवलं म्हणे, आणि तो अधिकारी खूश झाला.

विनयचं घर जुनं, लाकडी. तळघरात बॉयलर, त्याचं गरम पाणी पाइपांतून खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमध्ये फिरतं. घरभर गालिचा, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. गालिच्यावर कापड कापता येत नाही. खाली घट्ट नसलं की कात्री वाकडी जाते, आणि हरवलेली टाचणी घरातल्या कुणाच्या तरी तळव्याला सापडते. लाकडी जमीन फक्त मागच्या बंद पडवीत. तिथे तीन बाजूंना खिडक्या, उजेड भरपूर, पण रेडिएटर नाही.

म्हणून पद्मिनीचं शिवणकाम मे ते ऑक्टोबर. नोव्हेंबर लागला की मशीन गुंडाळायची आणि नागपूरला मुलीकडे, नेत्राकडे जायचं. इथल्या मराठी मंडळात सगळे म्हणायचे, कुकडेकाकूंना थंडी सोसत नाही. थंडी कसली डोंबलाची! नेत्राचं घर दोन खोल्यांचं. जावई भला माणूस, पण तिथे पद्मिनीने दिवसभर सोफ्यावर बसून मालिका बघायच्या आणि कुणी आलं की पाय आखडून घ्यायचे. दर एप्रिलमध्ये ती परत यायची तेव्हा आणखी थोडी म्हातारी झालेली असायची. मी तिची इथली मैत्रीण, मला ते दिसत होतं. विनयला दिसत नव्हतं, कारण मुलांना आईचं वय दिसतच नाही.

२००५चा सप्टेंबर. मी विचारलं, "यंदा कधी निघतेस?"

"विनय तिकीट पाहून राहिला आहे."

"तुला जायचंय का?"

तिने दोरा दाताने तोडला. "माझं काय, कुठेही चालतं."

या 'चालतं'चा मला मनस्वी राग आहे. आमच्या पिढीच्या बायकांनी हा शब्द इतका वापरला की आमच्या पोरांना आम्हाला काही विचारायची सवयच राहिली नाही. मी सरळ विनयला गाठलं. "तुझ्या आईला पडवीत एक रेडिएटर लावून दे. ती जाणार नाही."

तो चकित. "मावशी, मग आई बोलली का नाही कधी?"

"तिलाच विचार."

त्याने विचारलं. माझ्यासमोर विचारलं. "आई, कसला रेडिएटर हवा तुला?"

"कुठलाही चालेल रे. उगाच मोठ्या भानगडीत पडू नका."

झालं! इंजिनिअरला एवढंच हवं असतं. त्याने खोलीची लांबी, रुंदी, उंची घेतली, काचा किती ते पाहिलं, इंटरनेटवर लोकांचे अभिप्राय वाचले, ऑफिसातल्या मित्रांशी चर्चा केली. खोलीचा सगळा हिशेब चोख होता. त्यात फक्त आई नव्हती.

पहिला आणला तो भिंतीवरचा विजेचा, आत पंखा असलेला. विनय खोलीच्या मध्यभागी टी-शर्टात उभा राहिला. "बघ आई, दहा मिनिटांत रूम वॉर्म!" पद्मिनी खाली बसली होती. पुढ्यात मंडळातल्या सुमेधाच्या मुलीच्या साखरपुड्याच्या ब्लाउजचं रेशीम, त्यावर मापाचे कापलेले कागद मांडलेले. पंख्याने झोत टाकला आणि पाठीचा कागद एकीकडे, बाह्यांचे दुसरीकडे, गळ्याचा थेट दाराशी. पद्मिनी रेशमावर पालथी पडली, मांजर उंदरावर पडतं तशी.

"काय करून राहिलास रे! बंद कर ते!"

"पण वॉर्म आहे ना?"

"वर असेल. माझे पाय अजून बर्फात आहेत."

तो परत केला. मग आला चाकांवरचा, आत तेल भरलेला. तो बिचारा शांत होता, कापड उडवत नव्हता. पण शिवणकामात इस्त्री लागते. टाका घातला की दाबायचं, उलटायचं, पुन्हा दाबायचं. हीटर आणि इस्त्री एकदम चालू झाली की ब्रेकर पडायचा, आणि त्याच लाइनवर सून हिमानीची घरातली ऑफिसची खोली.

"आई, इस्त्री लावलीत का?" आतून आवाज. "माझा कॉल गेला. क्लायंट होता हो!"

मग पद्मिनी हीटर बंद करून इस्त्री करू लागली, इस्त्री बंद करून हीटर लावू लागली, आणि दोन्हीतलं काहीच गरम होईना.

ऑक्टोबर संपत आला होता. त्या दुपारी मी ब्लाउजच्या ट्रायलला गेले होते. एका बाहीत हात घातलेला, दुसरा बाहेर, दात वाजताहेत, एवढ्यात ब्रेकर पडला. विनय घरीच होता. तो वैतागून आला.

"बास यार. आई, मी तिकीट कन्फर्म करतो. तुलाच त्रास होतोय."

"चालेल," पद्मिनी म्हणाली.

"पद्मिनी," मी म्हटलं, "पुन्हा चालेल म्हणालीस तर हा ब्लाउज इथेच उतरवून मी अशीच घरी जाईन."

विनयने घाईघाईने तोंड फिरवलं. पद्मिनीने टाचण्या ओठांतून काढल्या, एकेक करून टाचण्यांच्या उशीत खोचल्या. मग म्हणाली, "नाही चालणार."

"काय नाही चालणार?"

"मला नाही जायचं नागपूरला. तिथं मी पाहुणी आहे. इथं मला काम आहे." तिने उशी बाजूला ठेवली. "मला वारा सोडणारा हीटर नको. माझी इस्त्री बंद पाडणारा नको. मला जमिनीवर बसून कापायचं आहे, आणि तू उभा राहून ऊब मोजतोस. खाली बस."

विनय खाली बसला. तिच्या जागेवर, खिडकीला पाठ लावून. मिनिटभर बसला असेल, आणि मानेवर हात फिरवायला लागला.

"आई, इथे तर काचेवरून गार हवा उतरतेय. तू रोज इथे बसतेस?"

"उजेड इथेच आहे."

"मागच्या भिंतीकडे बस ना. तिथे मोठा बिडाचा रेडिएटर लावतो, एकदम जुन्या घरासारखा."

"तिथं मला काळा दोरा आणि निळा दोरा सारखाच दिसतो."

तो उठला नाही, हे त्याचं कौतुक. बसल्या बसल्या खिडकीखालची भिंत चाचपू लागला. खिडक्या चांगल्या खालपर्यंत आलेल्या. उंच काही बसणारच नव्हतं. "मग लांब आणि बुटका लावू," तो हळूच म्हणाला. "सगळ्या खिडक्यांच्या खालून. बॉयलरला जोडून. वीज नाही, वारा नाही. गार हवा उतरते तिथेच गरम होईल, आणि तू त्याच्या पुढ्यात बसशील."

"हं," पद्मिनी म्हणाली. "आणि त्याच्या पत्र्याला धारदार कड नको. रेशीम अडकतं."

"आई, तुझ्या मागण्या वाढल्या हं!"

"तूच विचारलंस."

प्लंबर आला, पडवीच्या जमिनीखाली पाइप गोठू नये म्हणून जाडजूड वेष्टण घालून गेला. दुकानात पद्मिनी स्वतः गेली आणि प्रत्येक नमुन्याच्या कडेवरून पदर ओढून पाहिला. विक्रेता बघत राहिला. बघू दे. ज्या रेडिएटरच्या कडेला पदर अडकला नाही तो घेतला.

डिसेंबरात पहिला मोठा बर्फ पडला. नेत्राचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते.

"आई, इतक्या थंडीत तू तिथे करणार काय?"

"काम," पद्मिनी म्हणाली आणि मशीनचं हँडल फिरवलं, तिला ऐकू जावं म्हणून.

माझा अर्धा राहिलेला ब्लाउज तिने पुन्हा काढला. मी कोट, स्वेटर, आतला स्वेटर असं सगळं उतरवलं आणि आरामात उभी राहिले. बाहेर पांढरं शुभ्र, आत खिडकीखालून संथ ऊब वर येत होती आणि कापडाचा एक धागाही हलत नव्हता. पद्मिनीने दंडाजवळचं कापड चिमटीत धरून माप पाहिलं.

"इथे सैल ठेवू की बेताचं?"

"कसंही चालेल गं," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे असं पाहिलं की काय सांगू.

"चालेल नाही. नीट सांग."

"सैल," मी म्हटलं.