काळ्या पानांचं पुस्तक

किसनतात्या गेल्याचं मला भर तासात कळलं. बारामतीहून त्यांच्या मुलाचा, राजूचा, शाळेत फोन आला होता. सहावीचं इंग्रजी तसंच टाकून मी ऑफिसात बसून राहिले... तात्यांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण पुस्तक कसं निवडावं हे मला त्या मेकॅनिक माणसानंच शिकवलं.

वडिलांच्या माघारी त्यांची जुनी मोटार इंदापूरच्या घरी कित्येक वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. तिच्यातून एकदा नदीकाठच्या नरसिंहपूरला देवदर्शनाला जायचं, एवढंच आईचं मागणं होतं, आणि आई थकत चालली होती. बाकीचे मेकॅनिक गाडी बघूनच हात जोडायचे. तात्या म्हणाले, "करू की. पर हिचं पुस्तक पायजे, बाई."

पुण्याच्या जुन्या बाजारात त्या गाडीच्या दुरुस्तीची दोन पुस्तकं मिळाली. एक कोरं करकरीत, रंगीत चित्रांचं. दुसरं फाटकं, ऑइलनं माखलेलं. मी अर्थातच पहिलं उचललं, शेवटी मी इंग्रजीची बाई! तात्यांनी दुसरं चाळलं, नाकाला लावलं आणि हसले. "तुमचं कुणी उघडल्यालंच न्हाय. ह्येच्यावर कामं झाल्यात."

इंजिन त्यांनी पुस्तकाशिवायच सुरू केलं. आई लगेच पातळ बदलून तयार. तात्या मात्र पानं उलटत बसले आणि सगळ्यांत काळं पान माझ्यापुढं धरलं. "हितं लई हात लागल्यात. म्हंजी हिचं दुखणं हितंच हाय. वाचा." पान ब्रेकचं होतं. ते बघितल्याशिवाय गाडी न्यायची नाही, म्हणाले. आईचं तोंड उतरलेलं बघून मी चिडले, तात्यांना नको ते बोलले. ते सरळ चाक उतरवायला लागले. आत रबर पार कुजलं होतं, ब्रेक ऑइल गळून गेलं होतं. त्या ब्रेकच्या भरवशावर मी आईला नदीच्या उतारावर नेणार होते... अजून अंगावर काटा येतो.

पुढच्या आठवड्यात आई पुढच्या सीटवर बसून नरसिंहपूरला जाऊन आली. मी माफी मागितली, तर तात्याच संकोचले. "आवो, तुमी वाचून दावलं म्हनून तर जमलं." इतका मोठा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

गेल्या रविवारी गाडी त्यांच्या गॅरेजला नेली. आता राजूच काम बघतो. मी पुस्तक पुढं केलं, तसा तो फडकं शोधायला लागला.

"राजू," मी म्हटलं, "हात नको पुसूस."