माझ्या फ्लेक्सखाली

ओल्या गेरूचा वास आला की मला पांढरकवड्याचं ते मैदान आठवतं आणि अजूनही चीड येते. लोकांनीच भरवलेला चित्रमेळा होता. सकाळी कडक ऊन, दुपारी काळं आभाळ, असा लहरी फाल्गुन. विषय एकच, कोलाम पोडावर, त्या आदिवासी वस्तीवर, नळ आलाच पाहिजे. मी आठवडाभर खपून मागण्यांचा मोठ्ठा फ्लेक्स केला होता, ठळक अक्षरांत, एकही मुद्दा न सोडता. लोक त्याच्यासमोरून सरळ निघून जात होते. शेजारी आमच्याच संघटनेतल्या मैत्रिणीनं शेणानं सारवलेल्या बांबूच्या तट्ट्यावर गेरूनं एक बाई काढली होती, डोक्यावर पाण्याची गुंडी घेतलेली, आणि तिच्यापुढे ही गर्दी! "मही माय अशीच मान वाकडी करे," एक म्हातारी म्हणाली. माझे मुद्दे वाचून कुणाला माय आठवली नव्हती. तेवढ्यात टपोरे थेंब सुरू झाले. म्हातारी ओरडली, "पाहून काय राह्यले रे? चित्र वाहून जाईन न! सोडा तो फ्लेक्स!" मला न विचारता दोऱ्या सुटल्या. आपल्याकडे प्रत्येक फ्लेक्स शेवटी छपरावरच जातो, माझा त्याच दुपारी त्या चित्रावरचं छप्पर झाला. "भाऊ, तू हा कोपरा धर," मैत्रीण म्हणाली. धरला. आज तेच चित्र आमच्या प्रत्येक पत्रकावर असतं, मीच छापून आणतो, आणि दरवेळी जळतो. त्या पावसात माझ्या मागण्यांखाली एवढी माणसं पहिल्यांदाच दाटीनं उभी होती, अक्षरं डोक्यावर हातभर होती, आणि एकानंही मान वर केली नाही.